टॅबमधली पोरगी

मैत्रिणींनो, ड्युटीवरून आत्ताच आले. चहा ठेवला आहे, तोवर आजचं सांगते.

वॉर्डात आलापल्लीकडची एक बाई आहे, काल सिझर झालेली. बाळ वजनाने कमी, म्हणून वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलंय. तिचं पहिलं बाळ गेलेलं. सकाळपासून तिने घासही घेतला नव्हता.

माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, खरं सांगा. माही पोरगी नाई राह्यली ना? म्हणूनच मले दाखवून नाई राह्यले!"

जिना चढणं तिला शक्य नव्हतं. मग मीच कामाचा टॅब घेऊन वर गेले, तिथल्या सिस्टरला विचारून व्हिडिओ काढला आणि तिला दाखवला. व्हिडिओत पोरीने मोठी जांभई दिली.

आईने स्क्रीनवरच्या गालाला बोट लावलं. "जित्ती हाय!" म्हणत रडली. मग शेजारी बसलेल्या सासूकडे भात मागितला.

या टॅबला मी रोज नावं ठेवते. रजिस्टरमध्ये लिहिलेलंच परत त्यात भरायचं, त्यात नेटवर्क नसतं. तो त्रास उद्याही असेल. पण आज टॅब जवळ नसता, तर त्या माऊलीची खात्री मी कशी पटवली असती?

तुमच्या टॅबने कधी अशी साथ दिली का?