हात पाठीमागं बांधणाऱ्या बाई

निर्मलाबाईंच्या ओट्यावर कुणी फोन घेऊन आलं की बाई आधी उठून उभ्या राहायच्या आणि दोन्ही हात पाठीमागं बांधायच्या. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभ्या राहत, अगदी तशा. येणारा माणूस फोन पुढं करायचा, बाई घ्यायच्या नाहीत. तो आणखी पुढं करायचा, बाई अर्धं पाऊल मागं सरायच्या. मग म्हणायच्या, "हात तुमचा, डोळे माझे. बोला, काय म्हणायलाय फोन?"

नवख्या माणसाला हा अपमान वाटायचा. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मलाही वाटलं होतं की बाईंना दुसऱ्याच्या फोनचा विटाळ असावा. आमच्या सासूबाईंनी तर तसं बोलूनही दाखवलं. विटाळ कुणी कुणाचा धरला याचा हिशेब आमच्या गावात काढायचा म्हटलं तर बाईंची बाजू फार भारी भरेल, पण ते असो. एवढं मात्र खरं की बौद्धवाड्यातल्या, विहाराला लागून असलेल्या त्या ओट्यावर आमच्या सासूबाई पहिल्यांदा बसल्या आणि पहिल्यांदा चहा प्यायल्या त्या फोनच्या पायीच. बाईंनी साखर किती विचारलं, सासूबाईंनी सांगितलं, आणि दोघींनी कप रिकामे केले.

पोखर्णीच्या रस्त्याला आमचं गाव. बाईंनी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत केली, गणित शिकवलं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, एकुलती लेक नांदेडला नर्स आहे. अंगानं बारीक, चष्मा जाड, आवाज मैदानापर्यंत जाणारा. बोलणं आमच्यासारखंच गावाकडचं. फक्त रागावल्या की बाई पुस्तकी मराठीत शिरायच्या. "आपण तो संदेश वाचण्याची तसदी घेतलीत काय?" असं ऐकू आलं की समजायचं, आता ओट्यावरून उतरलेलं बरं.

त्या हे फोनचं शास्त्र शिकल्या तेही रागातच. पहिला मोठा फोन घेतला तेव्हा त्यात एक अ‍ॅप उतरेना. परभणीच्या एका दुकानात नेला. पोरानं फोन घेतला, पडद्याआड गेला, थोड्या वेळानं हसत आला, झालं म्हणाला. काय झालं होतं ते सांगेना. बाई घरी येईपर्यंत धुमसत होत्या. "उत्तर बरोबर, पण रीतच दाखवली न्हाई! असल्या गणिताला मी जन्मभर शून्य मार्क दिलेत." मग लेकीशी फोनवर भांडून, चुकून, परत करून, त्या एकेक रीत शिकल्या. आणि शिकलेलं स्वतःपुरतं ठेवणं हे बाईंना कधी जमलंच नाही.

त्यांचा पहिला नियम, फोनवर आलेलं मोठ्यानं वाचायचं. आमच्याकडं माणसं येऊन एवढंच सांगतात की "होईना गेलंय". बाईंना ते चालत नसे. "काय होईना गेलंय? डॉक्टरकडं जाऊन नुसतं दुखायलंय म्हणता का? कुठं दुखायलंय ते सांगा की." नामदेवआबांना वाचायला लावलं तर निघालं, 'प्रलंबित'. आबांनी एका अ‍ॅपचं बटण दाबलं, ते लवकर येईना म्हणून दुसऱ्याचं दाबलं, मग तिसऱ्याचं, आणि सगळी एकामागं एक अडकून बसली होती.

"आबा, नळ एक आन् घागरी कित्ती लावल्यात! एक भरू द्या, मग दुसरी लावा. सबर करा जरा," बाई म्हणाल्या.

आबा म्हणाले, "मपल्या घरात कुणालाच सबर न्हाई, तर फोनला कुठून यावी?" तरी त्यांनी स्वतःच्या बोटानं एकेक रद्द केलं आणि पाहिजे होतं तेवढंच ठेवलं. ते उतरलं. आबा फोन मिरवत घरी गेले.

सोपान रिक्षावाल्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या फोनची बॅटरी पार उतरून गेली होती आणि चालू झाल्यावर तारीख मागंच राहिली होती. कुठलंच अ‍ॅप अपडेट होईना. बाईंनी त्याला वरच्या कोपऱ्यातलं साल वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "अरे, तुजा फोन अजून तुज्या लग्नाच्या आधी बसलाय. त्याला आजचं अ‍ॅप कोण देईल?" सोपान म्हणाला, "बाई, लग्नाच्या आधीच राहू द्या की त्याला, सुखी असंल." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. हात मात्र लगेच परत मागं गेले.

आता माझी गोष्ट.

आमची पिंगळीच्या बाजूला थोडी जमीन आहे. हे गाडीवर ड्रायव्हर म्हणून पुण्याला असतात, वावर मी पाहते. पेरणी मी करते, खुरपायला बायका मी लावते, पण पिकाची नोंद मात्र आमचे चुलत दीर भागवतभाऊजी करायचे. ही नोंद फोनवरच्या अ‍ॅपमधून, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून करावी लागते. भाऊजी सगळ्या भावकीची करायचे. माणूस वाईट नाही, पण घाई फार. आदल्या वर्षी त्यांनी आमच्या सोयाबीनच्या जागी कापूस टाकला. सरकारी खरेदी केंद्रावर माझी पोती उभी होती आणि कागदावर माझ्या वावरात कापूस होता. माल घेतला नाही. पडेल त्या भावात व्यापाऱ्याला घालून मी घरी आले. वर्षभर ज्या पिकाशी कंबर मोडून घेतली, ते कागदावर माझ्या वावरात नव्हतंच, हे मला फार लागलं.

यंदा मी म्हटलं, नोंद मीच करणार. भाऊजी हसले. "वहिनी, हे काय भाकरी थापायचं काम हाय का?"

भाकरी थापणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा थापून बघावी, पण ते मी मनात म्हटलं. फोन घेऊन वावरात गेले. अ‍ॅप उघडलं तर ते म्हणे आधी अपडेट करा. वावरात रेंज नाही. परत गावात आले, बटण दाबलं, नुसतं गोल गोल फिरायचं आणि बंद पडायचं. मुदत संपत आली होती. भाऊजी दारावरून जाताना विचारायचे, "झालं का वहिनी? का करू मी?" शेवटी मी बाईंचा ओटा गाठला.

बाई उठल्या, हात मागं बांधले. "वाच."

मी वाचलं, जागा पुरेशी नाही. यांचा जुना फोन तो, निम्मा सकाळच्या शुभेच्छांनी भरलेला. गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा. बाईंनी ते सगळं मला माझ्याच बोटानं काढायला लावलं. "रोज सकाळी उठून खराखुरा सूर्य बघतीस ना? मग हे कशाला साठवलंस?" जागा झाली, तरी अपडेट अडलेलंच. मग त्यांनी मला सेटिंगमध्ये नेलं, ज्या स्टोअरमधून अ‍ॅप उतरतं त्याच्या नावावर नेलं. तिथं दोन बटणं होती, 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा'. त्या फोनात यांचे नंबर, पोरीचे बारशाचे फोटो, सगळं होतं. साफ म्हणजे सगळंच साफ झालं तर?

मी म्हटलं, "बाई, पाया पडते, हे एवढं तुम्हीच दाबा."

"न्हाई."

"मला भीती वाटायलीय, बाई."

"वाटू दे. कॅशे म्हंजे चुलीतली राख. डेटा म्हंजे डब्यातलं धान्य. राख काढल्यानं चूल मोडत न्हाई आन् घर उपाशी राहत न्हाई. आता तूच सांग, काय काढायचं?"

"राख."

"मग काढ की."

तरी माझं बोट खाली जाईना. बाई खाली माझ्याशेजारी बसल्या, हात तसेच मागं, आणि हळू आवाजात बोलल्या. "मीरे, माझ्या वडलांना अक्षर येत नव्हतं. कागद आला की एकजण त्यांचा अंगठा धरायचा, शाईत बुडवायचा आन् टेकवायचा. वडलांना वाटायचं, किती मदत करायलेत लोकं. कागदात काय हाय, ते कुणी वाचून दाखवलं न्हाई. अशानंच आमचं वावर गेलं. तवापास्नं मी कुणाचं बोट धरीत न्हाई. शाळेत पोरांचा हात धरून कधी गिरवून घेतलं न्हाई. वाकडं आलं तरी चालंल, पण अक्षर त्याचं त्यानं काढायचं."

मी बटण दाबलं. काही मोडलं नाही. परत अपडेटला लावलं, गोल फिरलं, आणि खाली एक हिरवी रेघ सरकत सरकत शेवटाला गेली. बाईंनी चष्म्यातून ती रेघ पाहिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माझ्या बारावीच्या निकालाला माझ्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याबरोबर वावरात आल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हात मागं बांधून उभ्या राहिल्या. मी गट नंबर टाकला, पीक निवडलं, सोयाबीन, दोनदा वाचून खात्री केली, पिकात उतरून फोटो काढला. रस्त्याला येऊन रेंज मिळाली तसं ते पाठवलं. नोंद झाल्याचा मेसेज मी रस्त्यावरच मोठ्यानं वाचला, बाईंच्या नियमाप्रमाणं. शेजारच्या वावरातल्या बायका खुरपं थांबवून बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, "झालं ना? मग चल घरी. मला चहा लागायलाय." पण चालताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो घरापर्यंत काढला नाही.

त्या वर्षी माझं सोयाबीन सोयाबीन म्हणूनच विकलं गेलं. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही. पुढं भागवतभाऊजींचंच अ‍ॅप अडलं तेव्हा ते माझ्याकडं आले. मी भाकरीचा विषय काढला नाही. राख आणि धान्य समजावून सांगितलं, एवढंच.

बाई आता नांदेडला लेकीकडं असतात. डोळे साथ देईनात म्हणून लेकीनं नेलं. जायच्या आधी नांदेडलाच एका डोळ्याचं ऑपरेशन करून आल्या होत्या. तेव्हाच पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. तोही फोनवर चेहरा दाखवूनच निघतो, आणि नेमकं तेच अ‍ॅप अपडेट होईना. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार.

काळा चष्मा लावून, भिंतीला धरत धरत बाई आमच्या घरी आल्या. सासूबाई लगबगीनं पुढं झाल्या, "वर बसा बाई, हितं वाऱ्याला बसा." बाई बसल्या आणि त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"घे मीरे. मला काही दिसंना. तूच कर."

इतक्या वर्षांत बाईंनी आपला फोन कुणापुढं केलेला मी पाहिला नव्हता. क्षणाचं काम होतं, आणि ज्या बाईसाठी मी काहीही केलं असतं ती मागत होती. माझा हात निम्म्यात गेला. मग माझा मीच तो मागं घेतला.

"बाई, फोन तुमच्याच हातात राहू द्या. मी वाचते. वाय-फायची वाट पाहत आहे, असं म्हणायलाय."

बाईंनी मान वर केली. "गावात वाय-फाय कुठं हाय? मग बिचारा कुणाची वाट बघायलाय?"

"तुम्ही नांदेडला लेकीकडं होता तेव्हा ताईंनी तसं लावून ठेवलं असंल. ते बदलावं लागतंय. वर उजव्या कोपऱ्यात जावा. अजून जरा वर."

बाईंचं बोट चुकलं, भलतंच काहीतरी उघडलं. मी मागं यायला सांगितलं. परत चुकलं. सासूबाई न राहवून म्हणाल्या, "अगं, दाबून दे की त्यांना!" मी नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेला बाईंचं बोट बरोबर जागी आलं आणि पडद्याच्या वर तसंच थांबलं. काळ्या चष्म्याआडून त्यांनी माझ्या दिशेनं पाहिलं.

"मीरे, तुजे हात कुठं हायत?"

"पाठीमागं, बाई."

"मग ठीक हाय," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.