दगडूगुरुजींचं रजिस्टर

आमच्या वाडीत पोराला जन्म द्यायचे आईबाप, पण त्याचं नाव आणि जन्मतारीख ठरवायचे दगडूगुरुजी. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची एका गुरुजींची शाळा. जूनमध्ये पोराला नेलं की गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेत. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण, जन्मतारीख एक जून. आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला आहे.

नावं बदलायचं तर त्यांना व्यसनच होतं. बापाने केरू सांगितलं की गुरुजी गंभीरपणे मान हलवत आणि किशोर लिहीत. भिकूचा भास्कर झाला, धाकूचा दिलीप. घरच्यांना हे चौथीनंतर दाखला हातात पडल्यावर कळायचं. कुणी जाब विचारलाच तर म्हणत, "फुकट दिलंय. वापरा, नाय तर ठेवून द्या."

याला कारण होतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून यमाची नजर पडू नये यासाठी त्यांना दगडू केलेलं. "जगलो खरा," ते सांगत, "पण तपासणीला साहेब आला की आधी माझ्या नावाला हसतो, मग शाळेला."

माझीही तीच कथा. माझ्या आधीचे दोघे भाऊ गेले, म्हणून मी धोंडू. गुरुजींनी कुठल्याशा दिवाळी अंकात पाहिलेलं नाव माझ्यावर खपवलं: अमित. माझं मात्र आईला त्याच संध्याकाळी कळलं, कारण मीच मिरवत घरी सांगितलं. ती चिखलाच्या पायांनी तशीच शाळेत गेली.

"गुरुजी, दोन पोरं देऊन हा एक राखलाय. नाव बदललंत नि याला काय झालं तर?"

गुरुजी गडबडले. खडूचे हात धोतराला पुसत म्हणाले, "गो बाई, यमाला वाचता येत नाय. नि रजिस्टर कपाटात कुलपात असतं. घरात तू धोंडूच म्हण."

आई धोंडूच म्हणत राहिली. पण त्या वर्षापासून दर एक जूनला गुरुजी आमच्या ओटीवर यायला लागले. वाढदिवस आहे म्हणायचे. वाढदिवस सगळ्या वर्गाचा. येत मात्र आमच्याकडेच. बशीतून चहा पीत मला आपादमस्तक न्याहाळत, मनगट दाबून बघत आणि आईला विचारत, "हाय ना ठीक?" आई म्हणे, "हाय." मग उठत. दासगावला बदली झाली तरी एसटीने येत. माझ्या सर्दीचा त्यांनी माझ्यापेक्षा जास्त धसका घेतला होता.

महाडला कॉलेजात असताना वाचनालयातल्या एका जाडजूड इंग्रजी कोशात मी सहज माझं नाव शोधलं आणि ते चक्क सापडलं. जुन्या इंग्रजीत अमित म्हणजे हरवणे, गमावणे. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, शब्द आता प्रचारात नाही. एवढी गंमत पोटात ठेवणं अवघड होतं. पुढच्या एक जूनला गुरुजींना हसत हसत सांगितली.

त्यांची बशी तोंडापाशीच थांबली.

"आईला बोललास?"

"नाय."

"बोलू नको." आत चुलीकडे बघून ते हळूच म्हणाले, "कोण वापरतो काय रे तो शब्द अजून?"

"कोण नाय गुरुजी. कधीचाच मेलाय."

"नक्की?"

"कोशात छापलंय."

"मग बरं झालं मेला ते."

तरीही त्या वर्षी ते गणपतीत येऊन गेले, दिवाळीत आले आणि शिमग्यालाही आले. प्रत्येक वेळी मनगट दाबलं.

दोन वर्षांनी मे महिन्यात, एक जूनला चार दिवस असताना, दुपारी निरोप आला की गुरुजी गेले. मी ओटीवर त्यांच्याच जागी बसून राहिलो. इतकी वर्षं माझी काळजी करणाऱ्या माणसाची काळजी मी एकदाही केली नव्हती, याची लाज वाटत होती. आई आतून आली. माझ्या खांद्यावर तिने पंचा टाकला.

"अमित," ती म्हणाली, "ऊठ रे. गुरुजींना खांदा द्यायला जा."