अक्काच्या विहिरीतली चौकडीची चिंधी

केजमध्ये मोटारसायकलींच्या गॅरेजांची एक ओळ आहे. तिच्यात माझं दुकान शेवटून दुसरं. दुकानापुढून उघडी नाली जाते आणि वीस वर्षं मी नको असलेलं सगळं त्या नालीलाच वाहिलं. जळकं ऑइल स्लॅब टाकणारे सेंट्रिंगवाले पाट्यांना लावायला घेऊन जायचे, पण पार्ट धुतलेलं काळं डिझेल, गाड्या धुतल्याचा फेस, ग्रीसनं भरलेल्या चिंध्या, हे सगळं नालीत. उन्हाळाभर ते तिथंच साचून राहायचं. मोठा पाऊस झाला की नाली लख्ख. "पावसानं झाडून काढलं बघा," आम्ही एकमेकांना म्हणायचो.

चिंध्या मला फुकट मिळायच्या. शेजारची शिंपीण मुलींच्या शाळेचे गणवेश शिवते. निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या कापडाचे उरलेले तुकडे ती पोत्यात भरून मला द्यायची.

दोन वर्षांमागं श्रावणात त्याच शाळेच्या विज्ञानाच्या बाई आठवीच्या दहा-बारा मुली घेऊन आमच्या ओळीत आल्या. मुलींच्या हातात रंगाचे डबे होते. नालीच्या काठावर त्या मोठ्या अक्षरांत लिहीत चालल्या होत्या, 'हे पाणी ओढ्याला जातं.' माझ्या दुकानापुढं आल्या तेव्हा मी नेमका डिझेलचा टोप नालीत रिकामा करत होतो.

"काका, हे कुठं जातं ठाव हाय का?" एकीनं विचारलं.

"गावाबाहेर."

"गावाबाहेर म्हंजी कुणाच्या गावात?"

मला हसू आलं. बाई म्हणाल्या, "संध्याकाळी शाळेत या. मुलींनी ओढ्याचा नकाशा काढलाय, बघून तर जा."

"बाई, आमाला धंदा हाय," मी म्हणालो आणि गेलो नाही. शेजारचा गॅरेजवाला मागून ओरडला, "पावसाचं पाणी हाय बे, त्याला कशाची शाळा?" त्यावरही मी हसलो होतो. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पंधरा दिवसांनी धो-धो पाऊस झाला. दोन दिवस ओढा दुथडी भरून वाहिला. तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या एका गावात तिला दिली आहे. दाजी परळीला वीज केंद्राच्या राखेचा ट्रक चालवतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. शेत, म्हशी सगळं तीच बघते.

"हिरीवरली मोटार चालतीय, पर पाणी चढंना," ती म्हणाली. "यिऊन जा बरं."

गेलो. गेल्या गेल्या अक्कानं तांब्या भरून पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि थांबलो. पाण्याला वास होता.

"पावसाळ्यात मारतो थोडा," ती म्हणाली. "लोक म्हणत्यात, जमिनीतलाच हाय."

विहीर ओढ्याच्या अगदी काठावर. कठडा गुडघ्याएवढा. ओढा फुगला की पाणी सरळ आत. वाकून पाहिलं तर पाण्यावर रंगीत तवंग होता. मी पाइप वर ओढला. ज्यातून पाणी आत ओढलं जातं त्या तळाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी काळ्या लगद्यानं गच्च भरली होती. लगदा बोटांवर चोळला, नाकाला लावला. डिझेल आणि ग्रीस. वीस वर्षं माझ्या हातांना येणारा वास मी ओळखणार नाही? तरी मनाला समजावत होतो, रस्त्यावरून शंभर गाड्या जातात, कुणाचंही असेल. मग लगद्यातून कापड ओढून काढलं, पिळलं, बादलीत साबणानं खळबळलं.

निळी-पांढरी चौकडी.

एक नाही, चार तुकडे निघाले. एकाला शिवणीचा दोरा अजून लोंबत होता. मी अक्काला हाक मारली.

"कावून रं? काय झालं?" अक्का धावत आली.

"अक्का, हे माझ्या दुकानातलं हाय."

"तुझ्या दुकानातलं हितं कसं यील?"

"नालीतनं. नालीतनं ओढ्यात, ओढ्यातनं तुझ्या हिरीत."

अक्कानं एक तुकडा उचलून उलटापालटा करून पाहिला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हंडा भरताना म्या रोज हातानं तेल बाजूला सारते. मागच्या पावसाळ्यात म्हस पाण्याला तोंड लावंना. मला वाटलं, माजलीय. म्या तिला काठीनं मारलं रं."

वीस वर्षं मी भाऊबीजेला हिच्या दारात साडी घेऊन येत होतो. त्याच वीस वर्षांत हेही पाठवत होतो. मी कठड्याला टेकून रडायला लागलो.

"रडत बसू नगं," अक्का म्हणाली. "आता काय करायचं ते सांग."

परत आलो तो सरळ शाळेत. नकाशा अजून भिंतीवर होता. आमच्या ओळीपासून निघालेली निळी रेघ बोटानं धरून गेलो. अक्काचं गाव तिच्यावर तिसरं होतं. बाईंनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला रविवारी घेऊन या."

रविवारी शिंपिणीच्या दुकानापुढं सगळे गॅरेजवाले जमले. अक्का जीपनं आली. पिशवीतून तिनं न धुतलेला फूटव्हॉल्व्ह आणि ते चार तुकडे काढून स्टुलावर ठेवले आणि म्हशीची गोष्ट सांगितली. शिंपिणीनं चौकडीचे तुकडे उचलले, शिवण पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हे तर माझ्या मशिनीचं हाय," ती म्हणाली.

त्या आठवड्यात आम्ही सात जणांनी जुन्या डिझेलसाठी झाकणाचे पिंप आणले. गाड्या धुवायच्या जागी खड्डा खणून वाळू-खडी भरली. वरचं तेल आता काढून पिंपात टाकतो. मुली महिन्यातून एकदा येतात आणि झाकणं उघडून बघतात. शेजारचा गॅरेजवाला मात्र अजून नालीतच ओततो. त्याच्याशी माझं दोनदा भांडण झालं.

उन्हाळ्यात अक्काची विहीर उपसली, गाळ काढला, कठडा छातीएवढा बांधला. म्हशी आता ते पाणी पितात. अक्का पीत नाही. ती प्यायचं पाणी गावातल्या नळावरून डोक्यावर आणते, आणि मी गेलो की त्यातलंच मला देते.