आईच्या पोटातलं बीज

लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून मी भंडाऱ्याला एका डॉक्टरबाईंकडे जाऊ लागले. नवरा तळ्यावर मासे धरायच्या कामात अडकलेला, त्यामुळे आमच्या करडी गावाहून एसटीत माझ्यासोबत आई यायची. पाळीच्या दहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी सोनोग्राफी होती.

दुसऱ्या खेपेला बाईंनी मशीनचा पडदा आईकडे वळवला. त्यावर एक काळा गोल दिसत होता.

"हेच अंडं का जी?" आईनं विचारलं.

"नाही मावशी, ही पाण्याची पिशवी. बीज हिच्या आत आहे, पण ते इतकं बारीक की मशीनलाही दिसत नाही. दर महिन्याला अशा काही पिशव्या वाढायला लागतात. एक पुढे निघते, बाकीच्या जिरून जातात."

"मंग हे बीज याच महिन्यात तयार झालं?"

"नाही हो. ही तुमची लेक तुमच्या पोटात होती ना, तेव्हाच हिची बीजं तयार झाली. अर्धवट पिकून तिथंच थांबली, झोपल्यासारखी. हे इतकी वर्षं थांबलंय. आता पुरतं पिकेल."

आई उठून पडद्याजवळ गेली.

"माह्या पोटात?" ती म्हणाली. "हे पोरगी पोटात होती तवा मी सातव्या महिन्यापर्यंत शिंगाडे तोडाले तळ्यात उतरत होती. कमरेइतकं पाणी राहे. तवाच होतं हे अंदर?"

"तेव्हाच."

पाच वर्षं मी स्वतःला रिकामी समजत होते. आणि माझं नावही ठेवलं नव्हतं तेव्हापासून हे माझ्यात वाट बघत होतं.

परतताना एसटीत आई म्हणाली, "मले कोणी सांगतलं असतं तं मी जपून उतरली असती पाण्यात." मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

चौदाव्या दिवशी पिशवी फुटलेली दिसली, म्हणजे बीज बाहेर पडलं होतं. पण त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत, पुढचे दोन महिनेही नाहीत. चौथ्या महिन्यात राहिले.

मुलगी झाली. नर्सनं तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा आई वाकून तिचं इवलंसं पोट बघत होती.

"हिच्यातही असतीन ना आता?" तिनं हळूच विचारलं.

"असतील," मी म्हणाले.

नर्सनं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. आई जागची हलली नाही.