ओढायची करवत

आपली करवत ढकलताना कापते. लेकीने जपानहून पाठवलेली ओढताना. सवयीने मी ढकलली आणि पातळ पातं वाकलं. व्हिडिओ कॉलवर लेक हसली.

"बाबा, कुस्ती नको. हलकेच स्वतःकडे ओढा."

ओढली. मैद्यासारखा भुसा मांडीवर सांडला. जवळ ओढली तरच कापणारी वस्तू लेकीने इतक्या लांबून पाठवावी, याची मला गंमत वाटली आणि थोडा रागही आला.

"दिवाळीला येतेस ना?"

"रजेचं कठीण आहे, बाबा."

मी बनवत असलेल्या स्टुलाचे तीन पाय एव्हाना सुरेख कापून झाले होते. मी चेहरा पाडला.

"चौथा काही सरळ कापता येत नाही गं. तूच येऊन काप."

"नाटकी," बायको पुटपुटली. पण खरं काही तिनेही सांगितलं नाही.

स्टूल सध्या तीन पायांवर, भिंतीला टेकून उभं आहे.