कागद आला तरी आंघोळ केली नाही

पोरगं लढाईवर जायच्या आधी रजेवर घरी आलं होतं, तिथून सांगतो. पुण्याकडं लष्कराची एक शाळा होती, जुन्या शिपायांच्या घरच्या पोरांसाठी. माझा बाप पलटणीत होता, म्हणून आमच्या पोराला तिथं घेतलं. झेंडे हलवून लांबच्या माणसाला निरोप कसा द्यायचा, हे तिथं शिकवीत. त्या पोरांना कॅडेट म्हणत. मी स्वतः तिसरीच्या पुढं गेलो नाही, पण हा शब्द आमच्या गावात, राजुरीभर, सांगत फिरलो.

रजेत एका सकाळी तो अंगणात तोंड धूत बसला होता आणि कावळा त्याच्या डोक्याला शिवून गेला. हे लई वाईट. आमच्याकडं त्यावर एकच उपाय करतात. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातलगांत पाठवायची. चार माणसं खरी रडली, की अंगावर आलेलं मरण तेवढ्यावर भागलं असं समजायचं. बायकोनं ऊन चढायच्या आत आंबेगावला, तिच्या माहेरी, माणूस धाडला.

तिचा भाऊ घरच्या बाया घेऊन आला. वेशीपासून रडणं ऐकू येत होतं. पोरगं ओसरीवर भाकरी खात होतं. मामानं आधी त्याला मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला.

"मेलायस न्हवं तू? मग कालवण कशाला वरपतुयास?"

"मेल्याव बी भूक लागती, मामा."

सगळी हसली. बायकोनं सगळ्यांना गोडाचं जेवू घातलं. मीही हसलो, पण अंगणात कावळा उतरला की उठून हाकलत होतो.

पोरगं लढाईवर गेलं. बोटीवरून एक पत्र आलं, बसऱ्याहून एक आलं, मग काही नाही. आणि एक दिवस सरकारी कागद आला. पाटलानं वाचून दाखवला. तुमचा मुलगा मयत, एवढंच. कुठं, कसा, कधी, काही नाही.

लांबून मरणाची खबर आली की ऐकणाऱ्यानं उठून अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करायची, ही रीत. मी विहिरीकडं निघालो तर बायको दारात आडवी उभी राहिली.

"ही आपलीच बातमी हाय," ती म्हणाली. "आंबेगावची पोरं त्याच शाळेत हायती. त्यांनी तिथं सांगितली, साहेबानं लिहून घेतली, आता फिरून आपल्याकडं आली. तुमी आंघोळ करायची न्हाई."

मला ते पटलं का? अर्धं पटलं. ती म्हणते तसं झालं असेलही. आणि नसेल झालं तर? हे तिच्यापुढं बोलायची माझी छाती झाली नाही. आंघोळ केली आणि पोरगं जिवंत असलं, तर आपणच त्याला मारल्यासारखं. नाही केली आणि ते गेलेलं असलं, तर त्याचा जीव पाण्यावाचून भटकत राहायचा. दोन्हीकडून भीतीच. आमच्या घरात 'मेला' हा शब्द शिवी म्हणूनसुद्धा कुणी उच्चारीना. टपालवाला पुढच्या गावच्या रस्त्याला वळला की मला सुटल्यासारखं व्हायचं. भावकीतली माणसं विचारायची बंद झाली. एक चुलत भाऊ तेवढा तोंडावर म्हणाला, की घरात सुतक लपवून तुम्ही देवाच्या पंक्तीला बसता. त्या दिवसापासून मी पंक्तीला बसलो नाही.

गेल्या थंडीत बायको तापानं गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाली, "दुसरा कागद आला तरी ऐकू नका."

दुसरा कागद आला नाही, बोलावणं आलं. ती शाळा लढाईनंतर मोडली होती. तिची दप्तरं पेट्यांत घालून एक कारकून तालुक्या-तालुक्याला फिरत होता. लढाईत पडलेल्या पोरांची नावं दगडावर कोरायची होती, म्हणून बापाचं नाव न् गाव बरोबर आहे का, ते तो विचारून घेत होता. मी राजुरीहून जुन्नरला चालत गेलो. वाटेत दोनदा मागं फिरलो.

कचेरीत कारकुनानं जाड वही उघडली. इंग्रजी होती. मी म्हणालो, "रावसाहेब, आमी एकदा खोटी बातमी उठवली व्हती. हे तेच तर न्हाई?"

त्याला काही कळेना. सगळं सांगावं लागलं, कावळ्यापासून. तो हसला नाही, हा त्याचा भलेपणा. म्हणाला, बातमी कधी उठवली? मी म्हणालो, पोरगं बोटीवर चढलं त्या सालच्या शिमग्याच्या आधी. त्यानं वहीवर बोट ठेवून तारीख शोधली.

"हे त्याच सालच्या दिवाळीनंतरचं आहे, बाबा. बसऱ्याच्या वर, नदीकाठी. झेंडा हातात असताना गोळी लागली."

मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. मग त्यानं टाक पुढं केला. मला सही येते, ती केली.

तिथून थेट कुकडी नदीवर गेलो. पटका, बंडी, धोतर, सगळ्यासकट पाण्यात बसलो. धुणं धूत असलेल्या एका बाईनं विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

"पोरगं," मी म्हणालो, आणि बायकोनं ऐकलं की काय म्हणून मागं वळून बघितलं.

ओल्या कपड्यांनीच घराकडं निघालो. वाटेत एकच विचार. पोरगं तिच्या कितीतरी आधी गेलेलं होतं. वर तिला ते भेटलं असेल तर तिला माझ्याआधी सगळं कळलं. पण तो मेलाच नाही अशी तिची खात्री होती, मग ती त्याला तिथं शोधील कशाला? तो तिथं एका बाजूला उभा असेल आणि ती अजून खाली राजुरीच्या वाटेकडं बघत असेल. हे मला कुणाला विचारता येत नाही, आणि दिवस मावळला की याचीच भीती वाटते.