आला वो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, अब्बांजवळ तर नाहीच. तुम्हालाही समोर बसवून सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

माझं पोट गोल्फवर चालतं. नागपूरला गोल्फच्या सामानाचं दुकान आहे, मागे सरावाचं मैदान, तिथं मुलांना शिकवतो. चंद्रपूरचा पोरगा आणि गोल्फ? — लोक हसतात, मीही हसतो. अब्बा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. शहराबाहेरच्या माळावर साहेब लोकांनी हौसेनं एक मैदान केलं होतं. गवत कसलं टिकतंय तिथं? होलभोवती तेल मारलेली वाळू असायची. त्या वाळूवर शिकून मी नागपूरच्या कॉलेजच्या टीममध्ये गेलो.

मैदानाच्या कडेला मोहाची झाडं होती. उन्हाळा लागला की शेजारच्या गावातल्या बाया फुलं वेचायला यायच्या. बॉल कुणाच्या अंगावर चालला तर खेळणाऱ्यानं 'फोर' असं ओरडायचं असतं. पण त्या बायांना फोर काय कळणार? म्हणून आमच्याकडे वेगळीच रीत पडली होती. 'आला वोऽऽ' अशी आरोळी ठोकायची. ती ऐकली की बाया टोपलं डोक्यावर उपडं घेऊन मटकन खाली बसायच्या. फुलं सांडायची, शिव्या मिळायच्या, पण कुणाला कधी लागलं नाही.

त्यांच्यात एक सुमनबाई होती. हरवलेला बॉल सापडला की स्वतः आणून द्यायची. "घ्या सलीमभाऊ, तुमच्या कोंबडीनं तिथी अंडं देल्लं."

कॉलेजात एकदा खेळताना माझ्या तोंडून 'आला वो' निघून गेलं. झालं! टीमनं माझं नावच ते ठेवलं. मी मेसमध्ये शिरलो की सगळे ताटं डोक्यावर धरायचे. मी वरवर हसायचो आणि आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे सबब म्हणून सांगत नाही — म्हणजे, सबब म्हणून सांगायचा मोह होतो, पण ती सबब नाही.

कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात नागपूरचे एक साहेब आमच्या मैदानावर आले. ते गोल्फचं दुकान काढणार होते आणि त्यांना चालवायला खेळाडू पोरगा हवा होता. मला सोबत खेळायला बोलावलं. ती नोकरी मला हवी होती — किती हवी होती, काय सांगू?

सुरुवात झकास झाली. मग एक फटका चुकला आणि बॉल डावीकडे वळून सरळ मोहाकडे निघाला. झाडाखाली सुमनबाई पाठमोरी वाकलेली होती. मला दिसली. नीट दिसली. 'आला' ओठांवर आलंच होतं — आणि मी साहेबांकडे पाहिलं. मग ओरडलो. मोठ्यानं, स्वच्छ, शिकवल्यासारखं — "फोर!"

सुमनबाई उभी राहिली आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. बॉल डोळ्यावर बसला.

साहेबांच्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डोळा गेला. सगळे म्हणाले, पोरानं आवाज दिला होता, त्याचा काय दोष? साहेबांना तर माझं कौतुकच वाटलं. नोकरी मिळाली, पुढे दुकानही माझ्याकडे आलं. आज नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी 'फोर' ओरडायला शिकवतो आणि आईबाप बाजूला उभे राहून खुशीत बघतात.

ओरडलो होतो हे खरंच आहे ना? मग खोटं कुठं आहे? — इतकी वर्षं ह्याच एका वाक्याची उशी करून झोपलो. पण ती आरोळी तिच्यासाठी नव्हतीच. साहेबांसाठी होती. लाज वाटते, नुसती लाज.

अजून संपलेलं नाही. खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे.

ती दवाखान्यातून सुटल्यावर अब्बा मला तिच्या घरी घेऊन गेले. मैदानावर ते नव्हते, त्यांना एवढंच ठाऊक होतं की मी आवाज दिला. सुमनबाई ओसरीत बसली होती, डोळ्यावर पट्टी. शिव्या देईल असं वाटलं — देती तर बरं झालं असतं. तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"तुमी बोंबलले भाऊ, मले वाटलं कोणाले तरी हाक मारून राह्यले. म्हून पाह्यलं. 'आला वो' म्हटलं असतं तं बसलीच असती ना मी." मग म्हणाली, "म्हटलं होतं का तुमी? मलेच ऐकू नाई आलं?"

अब्बा माझ्याकडे पाहत होते.

"हो बाई," मी म्हणालो. "म्हटलं होतं."

"मंग माहे कानबी गेले," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मी तो चहा प्यायलो.